अहल्येला शिळा कुणी केलं?

प्रश्न असा आहे. बडोद्यातल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी एक तरुण लेखिका अहल्येवर एकांकिका लिहिते आहे. पहिलं वाचन झालं आणि मंडळातल्या ज्येष्ठांनी तिला अडवलं. "पुराणातली कथा आहे तशी दाखवा, तिला हात लावायचं कारण नाही," असं त्यांचं म्हणणं. तिनं विचारलंय की पुराणकथेचा नवा अर्थ लावण्याचा अधिकार लेखकाला असतो का, आणि असलाच तर कुठपर्यंत? मी गेली तीसेक वर्षं याच गावात हौशी मराठी नाटकं बसवते आहे. त्यांतली निम्मी तरी पौराणिक होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ज्येष्ठांचा "आहे तशी" हा शब्द धरू. तुमच्या काका-आजोबांना शांतपणे विचारा, आहे तशी म्हणजे कशी? ते सांगतील: इंद्रानं फसवलं, गौतमांनी शाप दिला, अहल्या शिळा होऊन पडली, रामाचा पाय लागला आणि उद्धार झाला. आपण सगळ्यांनी लहानपणी हीच कथा ऐकली. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण वाल्मीकींनी ती अशी सांगितलेली नाही.

बालकांडातली अहल्या शिळा होत नाही. तिला मिळालेला शाप वेगळा आहे. वारा खाऊन, अन्नावाचून, राखेत पडून, कुणाच्याही नजरेला न पडता तिनं त्याच आश्रमात राहायचं. दगड नाही, अदृश्यपण. आणि राम-लक्ष्मण येतात तेव्हा काय होतं? श्लोक असा आहे: 'राघवौ तु ततस्तस्याः पादौ जगृहतुस्तदा'. त्या दोघांनी तिचे पाय धरले. मग तिनं त्यांना पाद्य दिलं, अर्घ्य दिलं, त्यांचं आतिथ्य केलं. म्हणजे ती तिथे घरची गृहिणी आहे आणि राम हा दारी आलेला, वाकून नमस्कार करणारा मुलगा आहे.

पाय रामाचा नाही, पाय अहल्येचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

हे वाचायला तुम्हाला लांब जायची गरज नाही. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती आपल्याच बडोद्यात झाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरानं 1960 ते 1975 या काळात तिचे सात खंड काढले, एकेका कांडाचा एकेक. देशाच्या निरनिराळ्या भागांतली, निरनिराळ्या लिप्यांतली हस्तलिखितं समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची, सगळ्यांत जुना वाटणारा पाठ वर घ्यायचा आणि बाकीचे खाली तळटीपांत नोंदवायचे, असं ते काम. मला मुख्य मजकुरापेक्षा त्या तळटीपांनी जास्त शिकवलं. प्रत्येक तळटीप म्हणजे कुठल्या तरी प्रांतातल्या कुणा लेखनिकानं, कुणा कथेकऱ्यानं "इथे एवढ्यानं भागत नाही" असं वाटून घातलेली भर. तुम्ही आज जे करू पाहता तेच ते करत होते.

मग शिळा आली कुठून? मी जाणते त्यातला एक जुना धागा कालिदासाचा. रघुवंशाच्या अकराव्या सर्गात तो गौतमाच्या पत्नीला 'शिलामयी' म्हणतो आणि रामाच्या चरणरजाच्या कृपेनं तिला तिचं रूप परत मिळालं असं सांगतो. त्याच श्लोकात त्यानं एक छोटा शब्द ठेवला आहे, 'किल'. आपल्या मराठीत 'म्हणे'. रामाच्या पायधुळीचा तो अनुग्रह होता म्हणे. एवढा मोठा कवी, पण ऐकीव गोष्ट सांगताना 'म्हणे' घालायला विसरला नाही. पुढे शिळेचीच कथा घरोघर गेली. भक्तीला तीच जवळची वाटली आणि ते साहजिकही होतं. ज्याच्या पायाच्या धुळीनं दगडात जीव येतो असा देव तिला हवा होता. गीतरामायणातही अहल्या स्वतः गाते ती रामाच्या चरणस्पर्शाबद्दलच. तो अर्थ सुंदर आहे, माझ्या आईच्या डोळ्यांत त्या गाण्यानं पाणी यायचं. पण तोही एक अर्थच आहे.

त्याच्याही पलीकडे जाणारे होतेच. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा शास्त्राचे पंडित कुमारिल भट्ट, त्यांनी तर ही गोष्ट बाई-पुरुषांची ठेवलीच नाही. त्यांच्या मते इंद्र म्हणजे सूर्य आणि अहल्या म्हणजे दिवसात विरून जाणारी रात्र. सूर्य रात्रीला झिजवतो, म्हणून तो तिचा 'जार', म्हणजे प्रियकर नव्हे, झिजवणारा. हे सातव्या शतकाच्या सुमाराचं. आज कुणी असं लिहिलं तर मंडळात काय गहजब होईल! आणि आपल्या आज्या रोज पहाटे 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा' म्हणत त्याच अहल्येचं नाव सगळ्यांत आधी घेत होत्या. शाप मिळालेल्या बाईचं नाव दिवसाच्या पहिल्या घटकेला घ्यायचं, हाही एक लावलेला अर्थच नाही का?

अशी उदाहरणं हवी तितकी सापडतील. लक्ष्मणरेषा वाल्मीकींत नाही. शबरीची उष्टी बोरं नाहीत. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" असं द्रौपदी व्यासांच्या सभापर्वात कुठेही म्हणत नाही. 'सूतपुत्राला वरणार नाही' हे तिचं वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सित महाभारतात मुख्य पाठात नाही. बायकांच्या गाण्यांत कैकेयीच्या आग्रहानं सीता रावणाचा नुसता पायाचा अंगठा काढते, बाकीचं चित्र कैकेयी पुरं करते आणि संशयाचं कारण तयार होतं. कुठल्याही ऋषीनं ही कथा लिहिलेली नाही. ज्यांना सासरी एका शब्दावरून घराबाहेर काढलं जाऊ शकत होतं, त्यांनीच ती जात्यापाशी रचली.

तेव्हा अधिकाराचा प्रश्न माझ्या लेखी मिटलेला आहे. तो होता, आहे, आणि आपल्याआधी पुष्कळांनी तो वापरला आहे. खरा प्रश्न तुमचा दुसरा आहे: कुठपर्यंत?

याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा बडोद्याच्या भिंतींनी दिलं. सयाजीरावांनी 1888 साली राजा रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रं काढायला सांगितली. या देवदेवतांना, राण्यांना नेसवायचं काय, हा त्याच्यापुढचा अगदी साधा, कारागिराचा प्रश्न होता. पुराणात पोशाखाचं माप दिलेलं नसतं. तो त्यासाठी देशभर हिंडला आणि शेवटी त्याच्या नायिकांच्या अंगावर साडी आली. आज आपल्याला लक्ष्मी-सरस्वती साडीशिवाय सुचत नाही, इतका तो निर्णय आपल्या डोळ्यांत बसला. पुढे त्यानं छापखाना काढला आणि ती रूपं घराघरांतल्या देव्हाऱ्यात गेली. ज्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, ते आधी बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि नंतर रविवर्मा प्रेसमध्येही काम करून आले. चित्रातून छापात, छापातून पडद्यावर अशी ही साखळी आहे आणि तिच्या दोन कड्या आपल्या गावात आहेत. रविवर्म्यानं कथेतली एकही घटना बदलली नव्हती. त्यानं फक्त ठरवलं की ही माणसं आपल्यासारखी दिसतील.

महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात ती चित्रं आहेत. लेखन चालू असताना एकदा जाऊन या. 'विश्वामित्र-मेनका' बघा, सीतेच्या भूमिप्रवेशाचं बघा. माझ्यासोबत नवीन मुलं असली की मी त्यांना एकच काम सांगते, चित्रात हात कुठे आहेत ते बघा. नटाला शब्द मागाहून लागतात, हात आधी लागतात.

आणि मग कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या दिवंगतांचं स्मारक, विश्वामित्रीच्या काठावरचं. तिथल्या भिंती नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात रंगवल्या. चार भिंतींवर चार विषय: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, रवींद्रनाथांच्या 'नटीर पूजा' नाटकातली नर्तकी आणि महाभारतातलं युद्ध. आता विचार करा, लढवय्या राजघराण्याचं स्मारक आहे. युद्ध रंगवायचं तर काय निवडाल? विजयाचा शंख निवडाल, गीतोपदेश निवडाल. नंदलालबाबूंनी अभिमन्यूचा वध निवडला. जग महायुद्धात होरपळत असताना, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, त्यांनी चक्रव्यूहात सापडलेलं एक पोर भिंतीवर आणलं. त्यासाठी व्यासांचा एक शब्दही त्यांना हलवावा लागला नाही. अठरा दिवसांच्या लढाईतला कुठला दिवस उचलायचा, एवढंच त्यांनी ठरवलं आणि सगळं महाभारत वेगळं दिसायला लागलं.

मी "कुठपर्यंत" याचं उत्तर तिथे शिकले. कथेतल्या घटनेला हात लावण्याची गरज फार क्वचित पडते. थांबायचं कुठे आणि उभं कुणाच्या शेजारी राहायचं, हे बदललं की पुरतं. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 सालचं. कीचक तोच, सैरंध्री तीच, भीमानं केलेला वधही तोच. पण प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, सोशिक धर्मराजात नेमस्त दिसले, भीमात जहाल दिसले. सरकारनं 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली ती कथेत काही नवं घातलं म्हणून नव्हे. जुनीच कथा नको त्या वेळी सांगितली म्हणून.

आपल्या गावचा प्रेमानंद तर याच्याही आधीचा, सतराव्या शतकातला. बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या माणेवर, म्हणजे घागरीसारख्या भांड्यावर, ताल धरत आख्यानं सांगायचा. त्याची आख्यानं गुजराती आहेत, पण शेजारच्या बेनकडून एकदा सुदामाचरित्र ऐका. द्वारकेच्या वाटेला लागलेला तो सुदामा आणि घरी पोरांची तोंडं बघणारी त्याची बायको अगदी आपल्या गल्लीतली वाटतात.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुमच्या संहितेतही मला ती दिसते आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी अहल्येवरच एकांकिका बसवली होती. पडदा उघडतो तेव्हा करड्या गोणपाटाखाली आकृती, शिळा. रामाच्या पावलांचा आवाज येतो, गोणपाट सरकतं, अहल्या उभी राहते आणि बोलायला लागते. बारा मिनिटं. गौतमाला जाब, इंद्राला जाब, रामाला जाब, शेवटी प्रेक्षकांनाही. भूमिका करणारी मुलगी गुणी होती, आवाज खणखणीत. टाळ्या मिळाल्या. आम्ही खूश. आवराआवर चालली होती तेव्हा दांडिया बाजारातल्या एक आजी विंगेत आल्या. मुलीच्या पाठीवर हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "छान झालं हो. पण इतकं बोलता येत होतं तर बिचारी इतकी वर्षं गप्प कशी राहिली?"

मला उत्तर देता आलं नाही. ते भाषण अहल्येचं नव्हतं, माझं होतं. वर्तमानपत्रांत वाचलेलं, सभांमध्ये ऐकलेलं सगळं मी तिच्या तोंडी कोंबलं होतं. तिची स्वतःची भाषा, तिचा तो राखेतला काळ, तो कुठेच नव्हता. तिला पूर्वी दगड केलं होतं, मी तिला भोंगा केलं. दोन्हीकडे तिचं काय झालं हे कुणी पाहिलंच नाही.

पुढच्या वर्षी आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला. गोणपाट काढलं आणि भाषणही काढलं. पहिली सहा मिनिटं अहल्या फक्त आश्रम झाडत होती. झाडायची, राख गोळा करायची, ती पुन्हा पसरायची, परत झाडायची. आश्रमात माणसं येऊन जायची, तिच्या अंगावरून जायची, तिला कुणी पाहत नव्हतं. शापाचा शब्द न् शब्द रंगमंचावर होता आणि कुणी तो उच्चारत नव्हतं. मग राम येतो, थांबतो. तिच्याकडे बघतो. सहा मिनिटांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे बघितलेलं असतं. आणि तो वाकतो. सभागृहात खुर्ची वाजली नाही.

आक्षेप आला होता. राम वाकला याबद्दल आला. मी वाल्मीकींची ओळ लिहून नेली होती, ती वाचून दाखवली. विषय तिथेच संपला.

म्हणून तुमच्या संहितेबद्दल थेट सांगते. तुमच्या एकांकिकेत अहल्या शेवटी गौतमाकडे परत जायला नकार देते. हे करायला तुम्हाला कुणी बंदी करू शकत नाही, पण मला ते सोपं वाटतं. प्रेक्षक टाळी वाजवेल आणि घरी जाईल. तसंच इंद्राच्या बाबतीत तुम्ही तिला पूर्ण अजाण दाखवली आहे. बालकांड म्हणतं, तिनं वेषांतर ओळखलं होतं. उत्तरकांडाच्या प्रचलित पाठात ती म्हणते, मला कळलं नव्हतं. एकाच ग्रंथात दोन जबान्या आहेत. त्यांतली आपल्याला सोयीची उचलून दुसरी दडवली की आपण वकील होतो. मराठीत कर्णाचं वकीलपत्र घेणारं पुष्कळ लिहून झालं आहे आणि त्यात बहुतेक वेळा बाकीच्यांवर अन्याय झाला आहे. दोन्ही जबान्या रंगमंचावर येऊ देत. तिला एकदा "ओळखलं होतं" म्हणू दे आणि एकदा "नव्हतं" म्हणू दे. खरं कोणतं ते तिलाही आता आठवत नसेल. इतकी वर्षं राखेत काढल्यावर कुणाला आठवेल?

आणि एक माणूस तुमच्या संहितेत नाही, ज्याच्यासाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहिते आहे. शतानंद.

अहल्या-गौतमांचा मुलगा. जनकाचा पुरोहित. विश्वामित्र राम-लक्ष्मणांना घेऊन मिथिलेला पोचतात, जनकापुढे प्रवासाची हकिगत सांगताना अहल्येच्या भेटीचा नुसता उल्लेख होतो. ते ऐकून शतानंदाच्या अंगावर काटा येतो. आणि तो भर सभेत एकामागून एक प्रश्न विचारत सुटतो. माझी आई तुम्ही राजपुत्राला दाखवलीत का? तिनं रामाची पूजा केली का? माझ्या आईच्या बाबतीत देवाकडून जे घडलं ते रामाला सांगितलंत का? माझे वडील तिला भेटले का? आईसाठी तो शब्द वापरतो 'यशस्विनी'. आणि घडलेल्या गोष्टीसाठी 'देवेन दुरनुष्ठितम्', देवानं केलेलं दुष्कृत्य. दोष कुणाचा हे मुलगा एका शब्दात सांगून जातो, तेही राजसभेत, तेही पुरोहिताच्या आसनावरून.

विश्वामित्रांचं उत्तर अगदी छोटं आहे. जे करायचं ते सगळं केलं, मुनीची पत्नी मुनीला मिळाली, 'भार्गवेणेव रेणुका', जमदग्नीला रेणुका मिळाली तशी. आता माहूरची रेणुका ज्यांची कुलदेवता आहे अशी कितीतरी घरं तुमच्या प्रेक्षकांत असतील. नवऱ्याच्या आज्ञेवरून मुलानंच जिचं मस्तक उडवलं, तिचा दाखला दुसऱ्या आईच्या मुलाला दिलासा म्हणून दिला जातो. ते ऐकताना शतानंदाच्या चेहऱ्यावर काय होतं, हे वाल्मीकी सांगत नाहीत. त्यानंतर तो रामाला विश्वामित्रांचं जुनं चरित्र सांगायला लागतो, कित्येक सर्ग सांगतो, मेनकेसकट. आईबद्दल पुढे एक अक्षर नाही.

ही जागा तुमची आहे. ग्रंथानं ती रिकामी ठेवली आहे आणि कुणाला म्हणता येणार नाही की तुम्ही पुराणात हात घातला. शतानंदाला मिथिलेत उभा करा, अहल्येला आश्रमात, रंगमंचाच्या दोन टोकांना. तो प्रश्न विचारतो आहे आणि ती झाडते आहे. मध्ये विश्वामित्र. त्याच्याच नावाची नदी आपल्या गावातून वाहते, लोकांना त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

थोडं कामाचं. वेळ पस्तीस मिनिटांवर नेऊ नका, गणपतीत मागे लहान मुलं असतात. भाषा बोलीतली ठेवा, पण "टॉक्सिक" वगैरे शब्द अहल्येच्या तोंडून काढून टाका. दोन ठिकाणी आले आहेत. संस्कृत ओळी तीनच ठेवा आणि त्या शतानंदाच्या तोंडी द्या, पुरोहित आहे, त्याला शोभतील. उच्चार एखाद्या गुरुजींकडून घोटून घ्या.

आणि पुढच्या वाचनाला त्या ज्येष्ठांना पुन्हा बोलवा. बालकांडातले ते दोन प्रसंग आधी त्यांच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्या, मग तुमची संहिता काढा. त्यांच्यापैकी कुणी उत्तम वाचत असेल, तर विश्वामित्राची भूमिका अजून रिकामी आहे असं तुम्ही लिहिलं आहे.